कॉलेजचा पहिला दिवस आई-पप्पांचासुद्धा!

“पप्पा, उद्या आमच्या कॉलेजात इंडक्शन आहे. पालकांनाही बोलावलंय. पण तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

“बरं झालं बाई. नाहीतरी मला काय कळतंय तिथलं? सगळे इंग्लिशमध्ये बोलणार. उगीच एका दिवसाचा खाडा.”

मुलांनो, हा संवाद कुठल्या एका घरातला नाही. बारावीचा निकाल लागून प्रवेश पक्के झाले, की मुकुंदवाडीतल्या कुठल्याही घरात तो ऐकू येईल. मुकुंदवाडी म्हणजे छत्रपती संभाजीनगरातली कामकरी माणसांची वस्ती. इथे छोटं रेल्वे स्टेशन आहे, जवळून गजबजलेला जालना रोड जातो आणि थोडं पुढे चिकलठाण्याची एमआयडीसी. पोटापाण्यासाठी गावाकडून आलेली कितीतरी कुटुंबं इथे राहतात. कुणी कारखान्यात शिफ्ट करतं, कुणी रिक्षा चालवतं, कुणी भाजीचा गाडा लावतं. आणि यांतल्या अनेक घरांत कॉलेजची पायरी चढणारं मूल हे घरातलं पहिलंच असतं.

वरचा संवाद पुन्हा एकदा वाचा बरं. मुलीला वाटतंय, पप्पा तिथे काही चुकीचं बोलले तर मैत्रिणी हसतील. पप्पांना वाटतंय, आपल्यामुळे पोरीला खाली पाहावं लागेल. दोघंही मनातलं बोलत नाहीत, आणि ज्या दिवशी दोघांनी मिळून जायला हवं, त्या दिवशी पप्पा कामावर जातात आणि मुलगी एकटीच कॉलेजात जाते. असं होऊ नये म्हणूनच हा लेख. थोडा तुमच्यासाठी, थोडा तुमच्या आई-वडिलांसाठी. आणि हो, तुम्ही आज सातवीत असलात तरी वाचून ठेवा. पाच वर्षं भुर्रकन जातात!

इंडक्शन म्हणजे असतं तरी काय?

शाळेत कसं, वर्गशिक्षिका आपल्याला नावानं ओळखतात. घंटा वाजली की तास बदलतो. एक दिवस गैरहजर राहिलो तर घरी निरोप येतो. कॉलेजचं तसं नसतं. तिथे वेळापत्रक स्वतः उतरवून घ्यायचं, खोली स्वतः शोधायची, प्रयोगशाळेची बॅच स्वतः लक्षात ठेवायची. हा बदल एकदम अंगावर आला तर हुशार मूलही गोंधळतं. म्हणून सुरुवातीचे काही दिवस नव्या मुलांना कॉलेजची ओळख करून देतात. त्यालाच म्हणायचं इंडक्शन किंवा ओरिएंटेशन.

विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०१९ मध्ये सगळ्या कॉलेजांसाठी याची एक मार्गदर्शिका काढली. तिचं नाव ‘दीक्षारंभ’. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी तर तीन आठवड्यांचा कार्यक्रम आखलेला आहे. त्यात नुसती भाषणं नसतात. खेळ, कला, वाचन, आसपासच्या ठिकाणांना भेटी आणि आपल्या शाखेची ओळख असं बरंच काही असतं. पालकांना मात्र बहुधा पहिल्याच दिवशी, एक-दोन तासांसाठी बोलावतात. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पालकांचा कार्यक्रम वेगळा आणि मुलांचा वेगळा ठेवतात. म्हणजे पालकांची ही शाळा तिकडेही भरते, बरं का!

प्रश्न विचारणारा राजा

आता तुम्हांला आपल्याच शहरातली एक गोष्ट सांगतो.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. इथल्या बहुतेक मुलांना पदवीचं शिक्षण घ्यायचं तर हैदराबादची वाट धरावी लागे. गरिबाच्या मुलाला ते कुठून जमणार? १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथे कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. पुढे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. पण त्याच्या आधीच या कॉलेजात खेड्यापाड्यांतली मुलं येऊ लागली होती. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात त्यापूर्वी कुणी शाळाही पाहिली नव्हती.

बाबासाहेबांनी या कॉलेजला नाव दिलं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. हा मिलिंद कोण ठाऊक आहे? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला एक ग्रीक राजा. त्याचं ग्रीक नाव मिनँडर. त्याला प्रश्न विचारण्याची भारी हौस. भिक्खू नागसेनांना त्यानं प्रश्नांमागून प्रश्न विचारले आणि नागसेनांनी एकेकाचं उत्तर दिलं. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ते सारे प्रश्न आहेत. ‘पञ्ह’ म्हणजेच प्रश्न! चर्चेआधी नागसेनांनी एक अट घातली होती. राजा म्हणून बोलणार असाल तर मी बोलणार नाही, विद्वान म्हणून बोलणार असाल तर बोलेन. कारण राजाला उलटं उत्तर दिलं तर तो शिक्षा करतो. विद्वान मात्र रागावत नाहीत, आपली चूक असेल तर मान्य करतात.

नागसेनवन मुकुंदवाडीपासून तसं लांब, शहराच्या दुसऱ्या बाजूला आहे. पण तिथली ही गोष्ट मुकुंदवाडीतल्या पप्पांनाही लागू पडते. कॉलेजात गेल्यावर ‘मी फी भरलीय’ असा राजाचा तोरा नको आणि ‘आम्ही अडाणी’ असं खाली मान घालणंही नको. साध्या माणसासारखा साधा प्रश्न विचारावा. प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही!

पालकहो, जाण्याआधी

कॉलेजची सूचना मुलाकडून वाचून घ्या. तारीख, वेळ, कुठल्या इमारतीत जायचं ते कागदावर लिहा. कारखान्यात असाल तर दोन-तीन दिवस आधीच सुपरवायझरला सांगा. शिफ्ट बदलून मिळाली तर खाडाही पडणार नाही. दोघांपैकी एकालाच जमत असेल तर एकानं जा. आई गेली तरी उत्तम. मोठी बहीण किंवा मामा गेला तरी चालेल. पण मूल एकटं नको.

कपडे नवेच हवेत असं नाही, धुतलेले पुरेत. सोबत एक वही, पेन, पाण्याची बाटली घ्या. एका फाइलमध्ये कागदपत्रं लावा: बारावीची गुणपत्रिका, टीसी, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जात पडताळणी व नॉन-क्रिमीलेअर. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स असू द्या. गुणपत्रिकेसारखी मूळ कागदपत्रं कॉलेजनं तपासून परत द्यावीत, अडकवून ठेवू नयेत, असा यूजीसीचा २०१८ चा नियम आहे. जो कागद द्याल त्याची नोंद वहीत करा आणि पावती मागा.

सभागृहात हे पाच प्रश्न

भाषण इंग्रजीत सुरू झालं तर घाबरू नका. शेवटी “कुणाला काही विचारायचंय का?” असं म्हणतातच. तेव्हा सरळ मराठीत विचारा. चारचौघांत नको वाटलं तर कार्यक्रम संपल्यावर सरांना किंवा मॅडमना गाठा.

१. हजेरी किती लागते? साधारण ७५ टक्के हजेरीची अट असते. ती भरली नाही तर परीक्षेला बसताना अडचण येते. गावाकडच्या लग्नासाठी आठ-आठ दिवस नेण्याआधी हे आठवा.

२. वर्षाचा एकूण खर्च किती, आणि तो केव्हा भरायचा? नुसती शिक्षण शुल्काची रक्कम ऐकून थांबू नका. परीक्षा, प्रयोगशाळा, पुस्तकं, बसचा पास, हॉस्टेल, मेस असं सगळं धरून विचारा.

३. शिष्यवृत्तीचा अर्ज कोण भरून घेतं? बहुतेक सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’वर भरायचे असतात आणि त्यांना मुदत असते. मुलींच्या पालकांनी तर नक्की विचारा. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांत ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत हवं. बाकी अटी कॉलेजच्या कार्यालयातून समजून घ्या.

४. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी जादा तास आहेत का? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. दहावी मराठीत करून आलेल्या मुलाला पहिले दोन-तीन महिने फार जड जातात. ते घरी सांगत नाही. तुम्ही विचारलंत तर शेजारी बसलेल्या दहा पालकांच्या मनातलंही विचारून होईल.

५. अडचण आली तर कुणाला भेटायचं? अनेक कॉलेजांत काही मुलांमागे एक शिक्षक नेमलेले असतात. त्यांना मेंटॉर म्हणतात. त्यांचं नाव आणि भेटण्याची वेळ वहीत लिहून घ्या.

सही करण्याआधी

त्या दिवसांत एक हमीपत्र येतं. रॅगिंग करणार नाही असं मुलानं लिहून द्यायचं असतं, आणि पालकांनीही. बरेच जण न वाचताच सही ठोकतात. तसं करू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय कॉलेजातून काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. म्हणजे ही सही दोन्ही बाजूंची. माझ्या मुलाला कुणी छळणार नाही, आणि माझा मुलगाही कुणाला छळणार नाही! १८००-१८०-५५२२ हा देशभरासाठीचा रॅगिंगविरोधी मोफत फोन नंबर आहे. तो वहीत लिहा आणि मुलाच्या मोबाइलमध्येही ठेवायला सांगा.

आता थोडं मागे राहा

पालकहो, इथपर्यंत तुमचं काम. पुढचं काम मुलाचं. कुठली बॅच, कुठली लॅब, ओळखपत्र कधी मिळणार, हे त्याला विचारू द्या. तो अडखळला तरी त्याच्या पुढे होऊन बोलू नका. दहावीचे मार्क सरांना सांगत बसू नका. “शेजारच्याला बघ, कसा फाडफाड बोलतो” असं तर मुळीच म्हणू नका. आणि पहिल्या चाचणीत मार्क कमी पडले तर आरडाओरडा नको. बारावीत ऐंशी टक्के मिळवणाराही इथे सुरुवातीला चाळीसवर येतो आणि मग हळूहळू सावरतो.

घरी आल्यावर रोज “किती मार्क?” विचारण्याऐवजी “आज काय नवीन झालं?” एवढंच विचारा. मूल गप्प गप्प राहायला लागलं, जेवेना, कॉलेजला जायला टाळाटाळ करू लागलं, तर मात्र वेळ घालवू नका. वहीतल्या त्या मेंटॉरना भेटा.

आणि मुलांनो, तुमचं काय?

आपल्या आई-पप्पांना इंग्रजी येत नाही, त्यांच्या हाताला ग्रीसचा किंवा कोथिंबिरीचा वास येतो, याची लाज वाटून घेऊ नका. त्याच हातांनी फी भरलीय. त्यांना आधीच सांगा, कार्यक्रमात काय काय असेल, कोणत्या शब्दाचा अर्थ काय. क्रेडिट म्हणजे काय, सेमिस्टर म्हणजे काय, एटीकेटी म्हणजे काय. समजावून सांगता सांगता तुमचंही पक्कं होईल!

आता समजा, सुरुवातीचे ते दोघं बापलेक दुसऱ्या दिवशी मिळूनच निघाले. मुकुंदवाडीतून शेअर रिक्षा केली, कॉलेजात मागच्या रांगेत बसले. शेवटी पप्पा उभे राहिले. हात थोडा थरथरत होता.

“सर, आमची पोरगी मराठी शाळेतून आलीय. अशा लेकरांसाठी वेगळा तास असतो का?”

कुणी हसलं नाही. उलट पुढच्या रांगेतल्या चार जणांनी मागे वळून मान डोलावली. सरांनी तासाची वेळ सांगितली आणि मुलीनं ती पप्पांच्या वहीत लिहून घेतली.

गेटपाशी पप्पा म्हणाले, “जाऊ का मी? सेकंड शिफ्ट गाठतो.”

“जा पप्पा. रात्री सांगते सगळं.”

कॉलेज अजून दूर असेल तुमचं. पण शाळेच्या पालकसभेची चिठ्ठी तर दप्तरात नाही ना पडलेली? असेल तर आत्ताच काढा आणि आई-पप्पांच्या हातात द्या. “तुम्ही या हं नक्की” असंही म्हणा.