चौथ्या दिवसाचा फोन

पेटी पुण्यात पोचली की चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन करायचा, हा देवगडजवळच्या एका बागायतदार काकांचा शिरस्ता. पैसे बहुधा आधीच आलेले असतात, त्यामुळे या फोनला तसं काही कारण नसतं. पण हापूस उतरवतात तो चौदा आणे तयार झाल्यावर, कडक असतानाच. पिकतो तो नंतर, गवतात. शहरातल्या माणसाचा धीर सुटतो नेमका याच दिवसांत. हिरवी फळं बघून कुणाला फसल्यासारखं वाटतं, कुणी ती तशीच फ्रीजमध्ये ढकलतं आणि मग आंबा धड पिकतच नाही. "फळं खाली-वर केलीत का? वास सुटला का? आधी मऊ झालेली वेगळी काढा," काका शांतपणे विचारत, सांगत राहतात. मी ओटीवर बसून ऐकत होते.

एका घरी साका निघाला होता. साक्यात गर आतून पांढरट, स्पंजासारखा होतो. बाहेरून फळ देखणंच असतं, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून निवडलं तरी सापडत नाही. काकांनी कारणं सांगितली नाहीत. "किती निघाले?" एवढंच विचारलं. काकूंनी आकडा वहीत टिपला. पुढच्या पेटीत तेवढी फळं जादा जाणार. फोटो पाठवा, असंही ते म्हणाले नाहीत. मला हे फार मोलाचं वाटलं.

यातली बरीच माणसं त्यांना भेटली ती पुण्यातल्या पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात. स्टॉलवर गर्दी असते, नंबर तर सगळेच घेतात. काका त्याच रात्री मुक्कामी बसून प्रत्येक नंबरापुढे खूण लिहितात. वही मी चाळली. 'तिसरा मजला, लिफ्ट नाही.' 'घरी अढी घालतात, कच्चेच द्या.' 'साखरेचं पथ्य, पेटी लेकीकडे.' 'आजोबा मूळचे मालवणचे, रायवळ मागत होते.'

कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपवला जातोच. पेटीवरच्या छापावर गिऱ्हाइकाने किती भरवसा ठेवायचा? म्हणून तो माणसावर ठेवतो. आणि हा माणूस वर्षातून एकदा, भाव सांगायलाच उगवत असेल तर तो भरवसाही फार दिवस राहत नाही.

त्यामुळे निम्मं काम हंगामाआधीच उरकलेलं असतं. मोहोर कसा आलाय, तुडतुडे पडलेत का, फळ धरलं की गळलं, हे जमेल तसं कळवत राहायचं. एका वर्षी अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला. काकांनी पाडव्याआधीच एकेकाला फोन लावला: यंदा माझ्या बागेत तुमच्यापुरता माल नाही, शेजाऱ्याचा चालणार असेल तर त्याचं नाव सांगूनच पाठवीन. वाईट बातमी स्वतःहून आणि वेळेवर सांगणं, हे मला चांगला माल देण्याइतकंच अवघड वाटतं. काकू सांगतात, त्या वर्षी पेट्या कमी गेल्या, पण गिऱ्हाईक तुटलं नाही.

मुलाचं मत, सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर एकच मेसेज टाकावा. मोहोराचे फोटो तो टाकतोही, आणि लोकांना ते आवडतात. काकांना ते पुरत नाही. "मेसेजाक लोक आंगठे धाडतत. फोनार सांगतत, लेक बाळातपणाक इली हा, यंदा आंबे जादा होये." दोघांचंही खरं आहे, पण पेट्या किती भरायच्या हे काकांना फोनवरच कळतं, हेही मी पाहिलं.

वहीतल्या नोंदी मुलाने आता मोबाइलमध्ये उतरवायला घेतल्यात. रायवळची नोंद तो गाळणार होता. रायवळ आपण विकतच नाही, मग कशाला? काकूंनी ती परत घालायला लावली. मेअखेरीस पुण्याला जाणाऱ्या गाडीत त्या आजोबांच्या पेटीबरोबर रायवळची एक पिशवी चढली, आणि तिचे पैसे लावायचे की नाहीत यावर मायलेकांची चर्चा गाडी सुटेपर्यंत चालू होती.