बारीक पिवळी रेघ

सायकलवरून इंग्लंड पाहायला निघालेला माणूस नकाशा उलटा वाचतो. मोटारवाला ठळक रेघ शोधतो, हा बारीक. ऑर्डनन्स सर्व्हेच्या ‘लँडरेंजर’ मालिकेतला एक नकाशा उघडा. प्रमाण १:५०,०००, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. निळ्या मोटरवेकडे आणि लाल-नारिंगी रस्त्यांकडे पाहायचेच नाही. उरतात त्या पिवळ्या रेघा. त्यांच्यातही दोन जाती आहेत : चार मीटरपेक्षा रुंद रस्त्याची जाडसर आणि त्याहून अरुंद रस्त्याची बारीक. आपल्याला हवी ती बारीक. तिच्यावर बाणाचा एक फाळ काढलेला असेल तर चढ सातास एक ते पाचास एक. दोन फाळ असतील तर त्याहून उभा. तिथे भलेभले उतरून सायकल ढकलतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

या रस्त्याला तिकडे ‘लेन’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, पाणंद. दोन्ही बाजूंना वई, मधून एका गाडीपुरती वाट. फरक इतकाच, की इंग्लंडच्या पाणंदीवर डांबर असते. तेही दोन चाकोऱ्यांपुरते खरे. मधल्या पट्ट्यावर गवत उगवलेले असते आणि पावसानंतर त्या गवतावर सायकलचे चाक हमखास घसरते. वई डोक्याहून उंच असली की मैलभर काही दिसत नाही, नुसते पक्ष्यांचे आवाज. मग एकदम शेताचे फाटक येते आणि त्याच्या चौकटीत सारा डोंगरउतार मांडून ठेवलेला दिसतो. सायकलवाले या फाटकांपाशीच थांबतात. सायकल टेकवायला जागा मिळते, आणि समोरून ट्रॅक्टर आला तर बाजूला होण्यासाठीही बहुधा तेवढीच जागा असते.

हे रस्ते इतके वळतात का? तर ते जुन्या शेतांच्या बांधावरून जातात म्हणून. वळणे बघत गेलात तर गावाचा सातबारा वाचल्यासारखे होते. याउलट एखादी पाणंद मध्येच सरळसोट आणि ऐसपैस झाली, तर ती बहुधा जमीन-कुंपणबंदीच्या काळातली समजावी. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने सामाईक जमिनीला कुंपण घालू देणारे ५,२०० हून अधिक कायदे केले. त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन आली, म्हणजे इंग्लंडच्या भूमीचा पाचवा हिस्सा. गायरानावर गुरे चारणाऱ्या, सरपण वेचणाऱ्या गरिबांचे हक्क गेले आणि त्या जागी हॉथॉर्नच्या काटेरी वया उभ्या राहिल्या. मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी डवरलेल्या त्या वयांचे फोटो आपण हौसेने काढतो. त्या लावल्या होत्या माणसे आणि जनावरे बाहेर ठेवायला. डॉर्सेटमध्ये याहून कितीतरी जुन्या पाणंदी आहेत. मऊ वालुकाश्म गाड्यांच्या चाकांनी, खुरांनी आणि पावसाच्या पाण्याने शतकानुशतके झिजत गेला आणि वाट आजूबाजूच्या शेतांच्या खाली कित्येक मीटर उतरली. भर दुपारीही तिथे संध्याकाळ असते.

आता एक गंमत. सायकलवरची भटकंती इंग्लंडमध्ये सुरू झाली ती या पाणंदींतून नव्हे, हमरस्त्यांवरून. १८४०-५० च्या सुमारास आगगाडीने घोड्यांच्या टपालगाड्या बंद पाडल्या. शेकडो वर्षे गजबजलेले हमरस्ते ओस पडले, त्यांच्यावरच्या खानावळींचे तबेले रिकामे झाले. ती शांतता सायकलवाल्यांना आयती मिळाली. १८७८ मध्ये हॅरोगेटला ‘बायसिकल टूरिंग क्लब’ निघाला, १८८३ मध्ये तो ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ झाला. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीची दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ आली, तीन वर्षांनी डनलॉपचा हवेचा टायर आला, आणि सायकल धाडसी तरुणांच्या हातून कारकुनांच्या, दुकानातल्या नोकरांच्या, बायकांच्या हाती गेली. लंडनकरांचा लाडका रस्ता होता सरे परगण्यातल्या रिप्ली गावाचा : थेम्स डिटनच्या ‘एंजल’ खानावळीपासून रिप्लीच्या ‘अँकर’ खानावळीपर्यंत दहा मैल. एच. जी. वेल्सच्या ‘द व्हील्स ऑफ चान्स’ (१८९६) मधला कापडदुकानातला नोकर सुट्टी घेऊन निघतो तो याच रस्त्याने.

रिप्लीशेजारच्या ऑकमला ‘हॉटबॉय’ नावाचे हॉटेल होते. ऑक्टोबर १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन सायकलवरून तिथे जेवायला थांबल्या. अंगात घोळदार झग्याऐवजी गुडघ्याखाली आवळलेली तुमान. मालकीणबाईंनी त्यांना कॉफीरूममध्ये घ्यायला नकार दिला आणि दारूच्या गुत्त्यालगतची खोली दाखवली. क्लबने खटला भरला. एप्रिल १८९९ मध्ये ज्यूरीने मालकिणीला निर्दोष ठरवले : खोली तर देऊ केली होती ना! क्लब हरला, पण वर्तमानपत्रांनी प्रकरण घरोघरी पोहोचवले. माझ्या मते सायकल-पर्यटनाच्या इतिहासात याहून महत्त्वाचे जेवण झालेले नाही, आणि तेही झाले नाहीच म्हणा.

क्लबच्या याच मंडळींनी १८८६ मध्ये ‘रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ काढून चांगल्या रस्त्यांसाठी आरडाओरडा सुरू केला. तेव्हा मोटारी इंग्लंडच्या रस्त्यांवर आलेल्याच नव्हत्या. एडिंबराच्या बार्थोलोम्यू कंपनीच्या नकाशांत सखल भाग हिरवा, उंच भाग तपकिरी असे. त्यांतल्या रस्त्यांच्या दुरुस्त्या क्लबचे सभासद कळवीत. रस्ता सुधारला, नकाशा सुधारला आणि मग मोटार आली. रिप्लीचा रस्ता ए-३ झाला. ज्यांनी रस्ता मागितला त्यांनाच त्यावरून उतरावे लागले. शांतता हमरस्त्यावरून घसरत घसरत पाणंदीत येऊन थांबली, ती अशी.

फ्रँक पॅटरसनची चित्रे पाहिली की हे स्थलांतर डोळ्यांना दिसते. ‘सायकलिंग’ साप्ताहिकासाठी तो १८९३ पासून साठ-एक वर्षे काढत राहिला : दगडी पूल, दिशादर्शक खांब, खानावळीच्या भिंतीला टेकवलेली सायकल. मोटार क्वचितच. पायाच्या दुखापतीमुळे त्याची स्वतःची सायकल मात्र मध्यम वयातच सुटली, आणि पुढची कित्येक चित्रे त्याने ससेक्समधल्या आपल्या शेतघरात बसून फोटो आणि पोस्टकार्डे बघत काढली. म्हणजे अनेकांच्या मनातले सायकलवरचे इंग्लंड हे निम्मे बैठ्या माणसाचे स्वप्न आहे.

कारण वास्तवात या अरुंद रस्त्यांवर, वेगळी पाटी नसेल तर, कायद्याने ताशी ६० मैल वेग चालतो. म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर. २००० च्या वाहतूक कायद्याने स्थानिक प्रशासनाला एखादी पाणंद ‘क्वाएट लेन’ म्हणून जाहीर करण्याची मुभा दिली. पण नुसत्या त्या पाटीने वेगाची मर्यादा खाली येत नाही. राष्ट्रीय सायकल मार्गांचे जाळे उभारणाऱ्या ‘सस्ट्रान्स’ संस्थेनेच २०२० मध्ये जाळ्याचा सुमारे चौथा हिस्सा दर्जा काढून घेऊन वेगळा केला, तो बहुतांशी रहदारीच्या रस्त्यांवरचा होता म्हणून. हा प्रामाणिकपणा मला आवडला. वाईट रस्त्यावर चांगली पाटी लावण्यापेक्षा पाटी काढलेली बरी.

रॅले, हर्क्युलिस, बीएसए ही नावे ज्यांच्या वडिलांच्या सायकलींवर होती, त्यांतल्या कुणाला त्या सायकलींच्या नॉटिंगहॅम-बर्मिंगहॅमच्या पलीकडे, श्रॉपशरच्या बाजूला जायची इच्छा झालीच, तर मे-जूनमध्ये जा. पक्ष्यांच्या विणीमुळे मार्च ते ऑगस्ट वया छाटायला मनाई असते. सप्टेंबरपासून ट्रॅक्टरला जोडलेली छाटणीयंत्रे फिरू लागतात आणि हॉथॉर्न-ब्लॅकथॉर्नचे काटे पाणंदभर पसरतात. तेव्हा गेलात तर जास्तीच्या दोन ट्यूब बरोबर ठेवा. आणि पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट जपून फिरवा. काटा बहुतेक वेळा अजून तिथेच असतो.