एका पंगतीची शाळा

भिवंडीच्या बाजारात सूत पुरविणारी पेढी मारवाड्याची वा गुजराती माणसाची, माग चालविणारे हात उत्तर प्रदेशातील वा तेलंगणातील. व्यवहारात आपण सारे एकत्र. मुलांच्या शाळा मात्र बहुधा भाषेगणिक निराळ्या. १९७० व १९८४ च्या दंगली सोसलेल्या या शहराला हा दुरावा परवडणारा नाही.

अशा वेळी कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. जन्माने ते जैन. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान नाकारले म्हणून त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले. विरोधाचा पहिला अनुभव घरचाच होता. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र रांधत आणि एका पंगतीस बसत. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४८ मध्ये सरकारवरील परखड टीकेमुळे संस्थेचे अनुदान थांबले, तरी भाऊराव नमले नाहीत. लोकाश्रयावर शाळा चालू राहिल्या आणि पुढे अनुदानही परत मिळाले.

बँकेच्या नोकरीत एक गोष्ट कळली : पत परिचयातून वाढते. हा परिचय शाळेच्या बाकावरच सुरू व्हावा. म्हणून पाल्याचा प्रवेश घेताना शाळेच्या निकालाबरोबर त्याच्या शेजारी कोण बसणार, हेही विचारावे. आणि तो मुलगा निराळ्या घरचा असेल, तर समाधान मानावे.