रोजच्या सात रुपयांत आपत्कालीन शिदोरी
सिलतरा परिसरातील श्रमिक कुटुंबांच्या संदर्भात

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सिलतरा ही औद्योगिक वसाहत आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, पोलादाचे कारखाने आणि रोलिंग मिल यांनी हा परिसर व्यापलेला आहे. आसपासच्या खेड्यांतून, तसेच ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश आणि विदर्भातून आलेले हजारो श्रमिक येथे काम करतात. त्यांतील कित्येक कुटुंबे पत्र्याच्या छपराखाली, भाड्याच्या एका खोलीत राहतात. पगार महिन्याच्या ठरावीक तारखेला होतो आणि त्याआधीचे आठ-दहा दिवस किराणा दुकानदाराच्या वहीवर निघतात. अशा घरात ‘संकटकाळासाठी साठा करून ठेवा’ असे सांगणे वरकरणी विसंगत वाटते. प्रत्यक्षात मात्र ज्याच्या हाती शिल्लक कमी, त्यालाच या साठ्याची गरज सर्वांत अधिक असते. सुस्थितीतील माणूस संकटात पैसे देऊन वस्तू मिळवतो. हातावर पोट असलेल्याला त्याच वस्तूसाठी कर्ज काढावे लागते.

संकट म्हणजे नेमके काय?

आपत्ती म्हटले की पूर आणि भूकंप डोळ्यांपुढे येतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद राहिला. या दुसऱ्या घटनेतील धडा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरले नाही, त्यांनाही दूध, भाजी आणि इंधन यांची टंचाई जाणवली. संकट घराच्या उंबरठ्यापर्यंत न येताही वस्तूंचा पुरवठा तोडू शकते.

सिलतऱ्यापुरता विचार केल्यास चार प्रसंग संभवतात. पहिला, मुसळधार पावसाने रस्ता तुंबणे व वीज जाणे. दुसरा, नवतप्याच्या सुमाराचा प्रखर उष्मा. रायपूर परिसरात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याखालची खोली दिवसा भट्टीसारखी तापते. तिसरा, कारखान्यातील अपघात किंवा वायुगळती. चौथा प्रसंग सहसा आपत्तीच्या यादीत धरला जात नाही. परंतु श्रमिकाच्या घरी तोच वारंवार येतो. तो म्हणजे मजुरी थांबणे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा कोट्यवधी घरांची रोजची कमाई एका रात्रीत थांबली. जुलै २०२४ च्या अखेरीस वीजदरवाढीच्या निषेधार्थ छत्तीसगडमधील अनेक लघुपोलाद कारखान्यांनी उत्पादन बंद ठेवले होते. अशा वेळी कंत्राटी कामगाराची हजेरी सर्वांत आधी खंडित होते.

म्हणून तयारीचे दोन थर असावेत. पहिला थर तीन दिवसांचा : पाणी, उजेड, औषध आणि न शिजवता खाता येईल असे अन्न. दुसरा थर दोन-तीन आठवड्यांचा : धान्य आणि पैसा. पहिला थर निसर्गाच्या कोपापासून आणि अपघातापासून, तर दुसरा थर मजुरीच्या खंडापासून कुटुंबाला सावरतो.

परंपरेतील शहाणपण

हा विचार नवा नाही. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरी कणगी असे आणि गावात जमिनीखाली धान्याची पेवे असत. छत्तीसगडच्या खेड्यांत ‘रामकोठी’ची प्रथा आहे. गावकरी आपापल्या धान्यातील वाटा एका सामाईक कोठीत जमा करतात आणि अडचणीतील कुटुंबाला त्यातून धान्य उसने दिले जाते. पौष पौर्णिमेला ‘छेरछेरा’ साजरा होतो; त्या दिवशी मुले दारोदार फिरून धान मागतात आणि कोणी त्यांना रित्या हाताने परतवत नाही. हे धान काही गावांत रामकोठीत जमा होते. ठेव, कर्ज आणि परतफेड ही बँकेची तिन्ही अंगे या कोठीत आढळतात. फरक इतकाच की तेथील चलन धान्याचे आहे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कामांवर सुकडी वाटली गेली, ही आठवण अनेक मराठी घरांत आजही निघते. भाजलेले पीठ आणि गोड यांचे ते कोरडे मिश्रण शिजवावे लागत नसे, सहज वाहून नेता येई आणि थोडक्यात पोटाला आधार देई. आपत्कालीन अन्नाची कसोटी आजही हीच आहे.

प्रथम पाणी

अन्नावाचून माणूस काही दिवस तग धरतो, पाण्यावाचून धरत नाही. पिण्यासाठी व जुजबी स्वयंपाकासाठी दर माणशी दररोज किमान ३ लिटर पाणी धरल्यास चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ३६ लिटर लागते. झाकणाचा एक २० लिटरचा कॅन आणि दोन लिटरच्या आठ बाटल्या इतक्यात हे प्रमाण बरोबर बसते. उन्हाळ्यात यापेक्षा अधिक पाणी ठेवावे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या स्वच्छ धुऊन वापरता येतात. मात्र रसायन, तेल किंवा रंग यांचे डबे कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नयेत. कारखान्यातून मिळालेला रिकामा डबा या कामी कधीही घेऊ नये. साठवलेले पाणी दर महिन्याला बदलावे. जुने पाणी धुण्याभांड्याला उपयोगी पडते. शुद्धतेविषयी शंका असल्यास पाण्याला पूर्ण उकळी येऊ द्यावी, ती एक मिनिट टिकू द्यावी आणि मग पाणी झाकून निववावे.

सहा महिन्यांचे नियोजन

सर्व साहित्य एकदम घेऊ गेल्यास महिन्याचे गणित कोलमडते. त्याऐवजी दरमहा २०० रुपये या कामी वेगळे काढावेत. पुढील किमती स्थूल अंदाजाने धरल्या आहेत. स्थानिक बाजारभावानुसार त्यांत फरक पडेल.

पहिला महिना : पाण्याचा २० लिटरचा कॅन. बाटल्या घरातल्याच वापराव्यात.

दुसरा महिना : एलईडी विजेरी व जादा सेल, काड्यापेट्या, दोन मेणबत्त्या. पत्र्या-लाकडाच्या खोलीत मेणबत्तीपेक्षा विजेरी सुरक्षित, म्हणून प्राधान्य तिला द्यावे. वायुगळतीची शंका असताना काडी कधीही ओढू नये.

तिसरा महिना : औषधे. जलसंजीवनीची पाकिटे, पॅरासिटामॉल, जंतुनाशक मलम, कापूस व पट्टी. घरात कोणाला रक्तदाब, मधुमेह किंवा दमा असल्यास त्याच्या नेहमीच्या औषधाचा एक आठवड्याचा जादा साठा या सर्वांच्या आधी घ्यावा.

चौथा महिना : पोहे १ किलो आणि फुटाणे १ किलो. जवळच्या भाटापाऱ्याचे पोहे प्रसिद्ध आहेत. पोहे नुसते भिजवले तरी खाता येतात, हा त्यांचा मोठा गुण.

पाचवा महिना : गूळ १ किलो आणि शेंगदाणे १ किलो.

सहावा महिना : कागदपत्रांसाठी जलरोधक पिशवी व छायाप्रती, साबण, शिटी आणि दोरी.

सहा महिन्यांत खर्च १२०० रुपये, म्हणजे रोजचे सात रुपयेही नाहीत. चौथ्या व पाचव्या महिन्यात घेतलेल्या चार किलो कोरड्या अन्नातून चौघांना तीन दिवस प्रत्येकी रोज साधारण १३०० ते १४०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पूर्ण पोट भरण्यास ती पुरणार नाही. परंतु चूल न पेटवता अंगात बळ राखण्यास पुरेशी आहे. शिजवण्याची सोय असल्यास घरातील तांदूळ तिला जोड देईल.

जलसंजीवनीची पाकिटे संपल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवावे. प्रमाण काटेकोर असावे, कारण अधिक मीठ लहान मुलांना अपायकारक ठरते. हे पाणी चोवीस तासांत संपवावे. उरल्यास टाकून द्यावे.

धान्यासाठी मुठीचा उपाय सर्वांत स्वस्त. रोज तांदूळ वैरण्यापूर्वी त्यातील एक मूठ वेगळ्या डब्यात टाकावी. मुठीत चाळीस-पन्नास ग्रॅम तांदूळ मावतो. महिन्याला सव्वा ते दीड किलो आणि वर्षाला पंधरा किलोंच्या आसपास साठा होतो. चौघांच्या घराला दहा-बारा दिवसांचा भात यातून मिळतो आणि रोजच्या ताटात ही मूठ कमी पडल्याचे सहसा जाणवतही नाही.

साठा टिकवण्याची रीत

साठा करून विसरून जाणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. शेंगदाणे खवट होतात, गुळाला पावसाळ्यात पाणी सुटते, औषधांची मुदत संपते. म्हणून नवे जिन्नस मागे व जुने पुढे ठेवावेत आणि जुने आधी वापरावेत. तपासणीचा दिवस सणाशी जोडल्यास तो चुकत नाही. गुढीपाडवा, पोळा आणि छेरछेरा हे तीन दिवस यासाठी सोयीचे आहेत. त्या दिवशी साठ्यातील पोहे व फुटाणे घरात वापरावेत आणि तितकेच नवे आणून ठेवावेत. बुरशी आलेले शेंगदाणे भाजूनही खाऊ नयेत. पत्र्याच्या खोलीत उष्णता छताजवळ अधिक असते. म्हणून औषधे व अन्न फळीवर ठेवण्याऐवजी खालच्या बाजूस, परंतु जमिनीपासून वीतभर उंच ठेवावे. त्यामुळे उष्णता आणि पाणी या दोहोंपासून ते वाचते.

एकट्याने राहणारे चार-पाच कामगार एकाच खोलीत असल्यास त्यांनी प्रत्येकी ५० रुपये काढून सामाईक पेटी करावी. पेटीत काय आहे आणि ती कोठे आहे, हे खोलीतील प्रत्येकास ठाऊक असावे.

औद्योगिक अपघाताच्या वेळी

भोपाळच्या डिसेंबर १९८४ मधील दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देण्याचे बंधन कारखानदारांवर आले. आपल्या कारखान्याचा भोंगा कोणत्या प्रसंगी कसा वाजतो आणि एकत्र जमण्याची जागा कोणती, हे कामगाराने विचारून घ्यावे व घरी सांगून ठेवावे. वायुगळती झाल्यास नाका-तोंडावर ओले फडके धरून वाऱ्याच्या दिशेला आडवे चालत दूर जावे. अशा वेळी साठ्याची पेटी घेण्यासाठी थांबू नये. फक्त कागदपत्रांची पिशवी हाताशी असल्यास उचलावी. आणीबाणीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत, म्हणजे लहान मुलांनाही ते वाचता येतील.

कागदपत्रे आणि रोकड

शिधापत्रिका, आधार, बँकेचे पासबुक, आयुष्मान कार्ड आणि कारखान्याचे ओळखपत्र यांच्या छायाप्रती जलरोधक पिशवीत असाव्यात. एटीएम कार्डाचा पिन मात्र कोठेही लिहून ठेवू नये. वीज गेल्यावर एटीएम बंद पडते, मोबाइलचे जाळे कोलमडल्यास यूपीआयही चालत नाही. म्हणून दहा, वीस, पन्नास व शंभराच्या नोटांत किमान ५०० रुपये पिशवीत असावेत. सुट्या नोटा अशासाठी की आणीबाणीत दुकानदाराकडे मोड मिळत नाही.

बँकेची साथ

सहा महिन्यांत पेटी पूर्ण झाली की तेच २०० रुपये आवर्ती ठेवीत वळवावेत. वर्षाअखेर २४०० रुपये मुद्दल आणि त्यावरील व्याज हाती येते. ही रक्कम लहान वाटेल; परंतु तिचे मोल उलट बाजूने मोजावे. अडचणीत खाजगी सावकाराकडून २००० रुपये दरमहा शेकडा दहा दराने घेतल्यास महिन्याचे नुसते व्याज २०० रुपये होते आणि मुद्दल तसेच उभे राहते. म्हणजे बचतीसाठी जी रक्कम काढणे जड वाटत होते, तीच रक्कम कर्ज झाल्यावर दरमहा द्यावी लागते आणि घरात एक दाणाही येत नाही.

याखेरीज प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघाती विमासंरक्षण मिळते; १८ ते ७० वयाच्या खातेदारांना तीत सहभागी होता येते. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये असून प्रवेशासाठी वय १८ ते ५० असावे लागते. जनधन खातेदारास पात्रतेनुसार १०,००० रुपयांपर्यंत अधिकर्षाची सोय मिळू शकते. हप्त्याच्या वेळी खात्यात शिल्लक नसल्यास विमा खंडित होतो, याची जाणीव शाखेतील कर्मचाऱ्यांनी खातेदारास मे महिन्यातच करून द्यावी. नामनिर्देशनाची नोंद आहे की नाही, हेही त्याच वेळी पाहावे. नामनिर्देशन नसल्यास कर्त्या माणसाच्या पश्चात घरच्यांना आपल्याच पैशांसाठी कागदपत्रे गोळा करत फिरावे लागते.

पगाराच्या दिवशी शाखेत रांग असते. त्या रांगेतील प्रत्येक खातेदाराला ‘दोनशे रुपये बाजूला काढले का?’ एवढे विचारण्यास फारसा वेळ लागत नाही. भट्टी थंड झाली, पाऊस थांबेना किंवा वीज आली नाही, तरी त्या घरी तीन दिवस मुलांच्या हाती काही खायला देता येईल आणि सावकाराच्या दाराशी जाण्याची पाळी पुढे ढकलली जाईल. थोड्या मिळकतीतही एवढे करता येते. त्यासाठी पुढच्या पगारापासून आरंभ करावा.