वॉशिंग मशीनची मोटर तापते? ‘मोटर गेली’ असं मानण्याआधी एवढं तपासा

ईद जवळ आली की घराघरांत पडदे, चादरी, सोफ्याची कव्हरं एकदमच धुवायला निघतात. आमच्याकडेही तेच झालं. तिसऱ्या खेपेला सेमी ऑटोमॅटिक मशीन मध्येच थांबली आणि करपल्यासारखा वास आला. अम्मी म्हणाली, “थोडा वेळ राहू दे तिला.” अर्ध्या तासाने मशीन सुरू झाली, दहा मिनिटांत परत बंद! मेकॅनिकने मागचं झाकणही न उघडता सांगून टाकलं, “मोटर गेली, नवी टाका.” आम्ही दुसऱ्याला बोलावलं. टबाच्या तळाशी कपडे फिरवणारी जी चकती असते, तिच्याखाली लहान मुलाचा मोजा आणि एक पिन अडकलेली निघाली. मोटर शाबूत होती.

मोटरचं तापणं हे अंगात ताप येण्यासारखं आहे. कारण बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं.

थांबून परत चालते, याचा अर्थ काय?

बहुतेक मोटरींच्या कॉइलमध्ये एक छोटा ओव्हरलोड प्रोटेक्टर बसवलेला असतो. कॉइल फार तापली की तो वीज तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. म्हणून थोड्या वेळाने मशीन आपोआप चालू होत असेल, तर मोटर जळालेली नाही, जळण्यापासून वाचलेली आहे. तेव्हा पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. कारण शोधा.

सर्वांत आधी प्लग काढा

बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लगच काढायचा. हात आणि जमीन कोरडी हवी. मशीन मागून उघडल्यावर कपॅसिटरला हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ करंट राहू शकतो.

घरच्या घरी काय बघायचं?

१. कोणती मोटर तापते? सेमी ऑटोमॅटिकमध्ये दोन मोटरी असतात, एक धुण्याची आणि एक ड्रायरची. कोणत्या बाजूला मशीन थांबते ते आधी ठरवा.

२. कपडे जास्त झाले का? मशीनवर लिहिलेले 7 किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन. गोधडी, ब्लँकेट पाणी पिऊन कितीतरी जड होतात. कपडे न टाकता नुसत्या पाण्यावर मशीन चालवून बघा. व्यवस्थित चालली तर दोष ओझ्याचा.

३. चकती हाताने फिरवा. प्लग काढलेला असताना ती सहज फिरली पाहिजे. अडखळत असेल, घासल्याचा आवाज येत असेल, तर खाली काहीतरी अडकलंय किंवा बुश झिजलाय.

४. ड्रायरचा ब्रेक. झाकण बंद केल्यावर ब्रेक सुटायला हवा. त्याची तार ताणली किंवा सरकली की ब्रेक अर्धवट लागून राहतो आणि ड्रायरची मोटर त्याच्याशी झगडत तापते.

५. व्होल्टेज. पंखाही हळू फिरतोय का? 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर अशा मोटरची ताकद साधारण 60 टक्क्यांवर येते. काम मात्र तेवढंच असतं, म्हणून ती तापते. अशा वेळी कपडे कमी टाका किंवा धुण्याची वेळ बदला.

६. हवा. मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका. खालची जाळी धाग्यांनी, कचऱ्याने भरली असेल तर साफ करा.

मेकॅनिककडून काय करून घ्यायचं?

मोटर नुसती ‘हूं’ करते, पण फिरत नाही, असं असेल तर पहिला संशय कपॅसिटरवर. घरच्या सिंगल फेज विजेवर ही मोटर स्वतःहून सुरू होऊ शकत नाही, तिला तो धक्का कपॅसिटर देतो. तो कमजोर झाला की मोटर जागच्या जागी करंट ओढते आणि काही मिनिटांत तापते. कपॅसिटर मोटरच्या मानाने फारच स्वस्त असतो. मात्र जुन्यावर जो मायक्रोफॅरडचा आकडा आहे, तोच नव्यावर हवा.

धुण्याच्या मोटरसाठी सोपी परीक्षा म्हणजे बेल्ट काढून मोटर एकटी चालवायची. एकटी नीट चालली, तापली नाही, तर दोष बेल्ट, बुश किंवा गिअरमध्ये. एकटीही तापली तर कपॅसिटर किंवा कॉइल. ही परीक्षा आपल्यासमोर करायला सांगा. त्यानंतरच मोटर बदलायचं ठरवा.

आणि एक गोष्ट कधीच मान्य करू नका. “प्रोटेक्टर काढून डायरेक्ट करून देतो,” असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. मशीन त्या दिवशी चालेल, पण पुढच्या वेळी मोटर तापली की तिला थांबवणारं कुणी उरणार नाही. कॉइल जळेल, आगही लागू शकते.

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्याच क्षणी वापर थांबवा. ओल्या मोरीत आया-बहिणी अनवाणी उभ्या असतात. तीन पिनचा प्लग, चालू अर्थिंग आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी एवढं प्रत्येक घरात असायलाच हवं.

आणि हो, कपडे टाकण्याआधी खिसे तपासा. आमची मोटर एका पिनेपायी बदलली जाणार होती!