ऊब आहे, उजेड नाही

कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, लिंबू ही झाडे टोरोंटोच्या अंगणात उन्हाळाभर झकास वाढतात. थंडीच्या तोंडावर मात्र त्यांना घरात घ्यावेच लागते, आणि त्यासाठी पाणी गोठण्याची वाट पाहून चालत नाही. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांना १० अंश सेल्सिअसच्या खालीच थंडी बाधू लागते. त्यांच्या पेशींच्या पटलांतले स्निग्ध पदार्थ तेव्हा तुपासारखे थिजतात, पटले गळकी होतात आणि पाने काळवंडतात. रात्रीचा पारा १२ अंशांकडे उतरू लागला की कुंड्या आत आणलेल्या बऱ्या.

घरात ऊब मिळते, पण उजेड मिळत नाही. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. खिडकीपासून चार-सहा फूट आत तो बहुधा काहीशे लक्सच उरतो. माणसाचा डोळा हा फरक सहज सांभाळून घेतो, म्हणून खोली लख्ख वाटते आणि झाड उपाशी राहते. त्यातून डिसेंबरात टोरोंटोचा दिवस जेमतेम ९ तासांचा. पानांत तयार होणारी साखर श्वसनाच्या खर्चाला पुरेनाशी झाली की झाड पाने टाकते. कढीपत्ता तर कधी कधी पार निष्पर्ण होतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. फांदीची साल नखाने खरवडल्यावर आत हिरवे दिसले, तर ती जिवंत आहे असे समजावे.

पाने गळताना पाहून लोक पाणी वाढवतात, आणि घात होतो तो इथे. पाने कमी, ऊन कमी, म्हणजे पाण्याची गरजही कमी. सतत ओल्या मातीत हवेला जागा राहत नाही. प्राणवायूविना मुळे कुजतात. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी झाल्यावरच पाणी घालावे. खत वसंतापर्यंत बंद.

तापमान उतरले की श्वसन मंदावते, त्यामुळे थोड्या उजेडातही झाड तगते. व्हर्सायच्या राजवाड्यातली संत्र्यांच्या झाडांची इमारत याच हिशेबावर चालते. १६८४ ते १६८६ या काळात वास्तुकार आर्दुआँ-माँसारने बांधलेल्या या दक्षिणाभिमुख, जाड भिंतींच्या दालनात आजही पेटाऱ्यांतली झाडे हिवाळा काढतात. लिंबाच्या कुंडीलाही तापलेल्या दिवाणखान्यापेक्षा थंड पण उजेडाची खोली मानवते. मोगऱ्याला थोडी जास्त ऊब हवी.

तुळशीचे गणित निराळे. तिला ऊब आणि उजेड दोन्ही भरपूर लागतात. एलईडी दिव्याखाली रोज १२-१४ तास ठेवली तर ती टिकण्याची शक्यता वाढते. मंजिऱ्यांचे बी जपून ठेवणे त्याहून सोपे आणि खात्रीचे.

हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड झपाट्याने वाढते. त्यावर पानांवर पाणी फवारण्याचा उपाय लोकप्रिय असला तरी हवेतला दमटपणा त्याने काही मिनिटेच टिकतो. त्यापेक्षा आत आणण्याआधी पाने दोन्ही बाजूंनी धुवावीत आणि नंतरही त्यांची खालची बाजू अधूनमधून तपासावी.

मे महिन्यात दहिवराची भीती सरली आणि रात्री उबदार झाल्या, तरी कुंड्या एकदम उन्हात नेऊ नयेत. मंद उजेडात वाढलेली पाने थेट उन्हात भाजून पांढरी पडतात. पहिले आठ-दहा दिवस सावलीत ठेवून ऊन हळूहळू वाढवावे.