भाकड म्हशीचा हिशेब

म्हैस बारमाही दूध देत नाही. वैरण मात्र तिला बारमाही लागते. दुधाच्या अर्थशास्त्राची मेख येथेच आहे. खेड्यात भाकड म्हैस रानात चरून निभावते. मुंबईच्या तबेल्यांत पेंड, कडबा, जागा, सारेच विकतचे. म्हणून पूर्वी दूध आटताच गवळी तिला पुष्कळदा खाटकास विकीत व नवी दुभती म्हैस आणीत. हिशेब त्यांचा चुकीचा नव्हता, पण त्यात उत्तम पैदाशीचा नाश होई. १९४९ साली गोरेगावनजीक आरे वसाहत निघाली आणि पुष्कळशा म्हशी शहराबाहेर गेल्या. तत्पूर्वीच, १९४६ मध्ये, खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी सहकारी संघ स्थापिला होता. तेथे म्हैस गावीच राहिली, मुंबईस आले ते दूध. हिवाळ्यातील जादा दुधाची भुकटी करण्याची सोय आणंदला १९५५ मध्ये झाली.